टिलर फिरवल्यावर लव्हाळा का वाढतो

दिवाळी उरकली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडं बंद घरांची परडी (घरामागच्या मोकळ्या जागा) साफ करायची कामं निघतात. पावसाळ्यात रान कमरेएवढं झालेलं असतं आणि पहिला सल्ला ठरलेला: पॉवर टिलर (फिरत्या पात्यांनी माती उकरणारं यंत्र) बोलवा, सकाळभरात मोकळं. टाकळा, आघाडा असेल तर ठीक. पण जमिनीत लव्हाळा, म्हणजे जमिनीखालच्या गाठींतून फुटणारं तण, असेल, तर ही पैसे देऊन केलेली पेरणीच.

म्हणून आधी वरचं रान कोयत्यानं घोट्याएवढं छाटा. पायात गमबूट हवेत, पुढं काठी आपटत चला. रातराणीच्या वासानं साप येतो ही नुसती समजूत आहे. तो येतो उंदीर-बेडकांसाठी आणि अडगळीच्या आसऱ्याला. मग चार-पाच ठिकाणी फूटभर खोल खड्डे घेऊन माती चाळा. तीनधारी देठ आणि खाली काळपट, सुवासिक गाठी दिसल्या की लव्हाळा समजा.

काँग्रेस गवत फुलण्याआधी हातमोजे घालून उपटावं. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्यानं कातडीला खाज सुटते. घाणेरी वरून छाटली की बुडख्यातून पुन्हा फुटते. तिचं मूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंमीवर तोडून बुडखा उलटा ठेवावा.

लव्हाळ्याचं गणित वेगळं. त्याच्या गाठी सुटी बटाटी नसतात, बारीक तारेसारख्या खोडानं एकीला एक जोडलेल्या असतात. बहुतेक वरच्या १५ सेंमीत, काही त्याहून खाली. साखळी अखंड असेतो एखाददुसरी गाठच फुटते; वाढत्या टोकाकडून येणारी ऑक्झिनसारखी संप्रेरकं बाकीच्यांचे डोळे झोपवून ठेवतात. टिलरचं पातं ही साखळी तोडतं. निरोप थांबतो, निजलेले डोळे जागे होतात आणि एका झाडाच्या जागी आठ-दहा उभी राहतात. ग्लायफोसेट हे तणनाशकही इथंच कमी पडतं: ते साखरेबरोबर वाढत्या भागाकडं वाहतं, निजलेल्या गाठीत फारसं पोचत नाही.

मग करायचं काय? वाफशावर (माती ओलसर पण हाताला न चिकटणारी असताना) कुदळीनं खणून गाठी वेचा. ओल्या काळ्या मातीत हे जमणार नाही, ढेकळं गाठींसकट चिकटून येतात. उरलेल्यांना मार्च-एप्रिलमध्ये उन्हानं गाठायचं: जमीन सपाट करा, पाणी द्या (ओली माती उष्णता खाली नेते), २५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद ताणून अंथरा आणि कडा मातीत गाडा. ४ ते ६ आठवडे. वळवानं कागदावर तळी साचली तर झाडून काढा.

काळा कागद नको, तो का नको हे बघण्यासारखं आहे. लव्हाळ्याचा कोंब अंधारात मिटलेला, सुईसारखा टोकदार राहतो आणि पातळ काळा कागद भोसकून वर येतो. पारदर्शक कागदाखाली उजेड लागताच त्याची पानं उघडतात. उघडलेल्या पानाला कागद फाडता येत नाही. ते तिथंच वाफेत करपतं.

तरी खोलवरच्या काही गाठी वाचतात. जून लागला की दर १५ दिवसांनी खुरपणी करा, कारण कोंब आल्यावर साधारण तीन-चार आठवड्यांत नव्या गाठी धरायला लागतात.

मोबाइलवर फिरणारा मीठ-व्हिनेगरचा उपाय मात्र करू नका. पानं जळतात, गाठी राहतात, आणि सोडियममुळं अथणी-गोकाककडच्या काळ्या मातीचे कण विस्कटून निचरा बंद होतो. वेचलेल्या गाठी उकिरड्यात टाकू नयेत. पत्र्यावर पसरून कडक उन्हात पार वाळू द्याव्यात.