जुना फिल्म कॅमेरा: घरघर ठीक, मोजमापाचे काय?

चावीचा जुना सिने-कॅमेरा हातात आला की माणूस आधी चावी भरतो आणि बटण दाबतो. आतून छान घरघर येते, लेन्स काढून पाहिले तर शटर, म्हणजे प्रकाश अडवणारी-सोडणारी चकती, फिरताना दिसते, आणि विकणारा जाहिरातीत लिहून टाकतो, 'चालू स्थितीत'. ही घरघर फार फसवी असते. यंत्र फिरते आहे एवढेच तिच्यावरून कळते. फिल्म दर वेळी त्याच जागी थांबते का, तिच्यावर ठरल्या वेळेपुरताच प्रकाश पडतो का, आणि लेन्सपासून ती नेमक्या अंतरावर बसते का, या तीन प्रश्नांना कान उत्तर देऊ शकत नाही. तिथे मापच घ्यावे लागते. ही तीन मापे कॅमेऱ्यात एका दिवसात आलेली नाहीत. त्यांना महत्त्व येत गेले ते एकामागून एक, वेगवेगळ्या गरजांपायी. त्यामुळे कॅमेरा कोणत्या काळातला आहे हे कळले की त्याचे दुखणे कुठे असेल याचा निम्मा अंदाज येतो.

लुमिएर बंधूंच्या सिनेमॅटोग्राफचे पेटंट फेब्रुवारी १८९५ मधले. फिल्म थांबवत थांबवत पुढे नेण्याची युक्ती लुई लुमिएरला शिवणयंत्र कापड सरकवते त्यावरून सुचली, असे सांगतात. नखीसारखा आकडा फिल्मच्या कडेच्या छिद्रात शिरतो, फिल्म एका फ्रेमने खाली ओढतो, बाहेर निघतो, वर जाऊन पुन्हा शिरतो. या आकड्याला क्लॉ म्हणतात, आणि पुढच्या शंभर वर्षांतल्या बहुतेक कॅमेऱ्यांत शेवटी हेच चालले होते. दांडा हाताने फिरवायचा: सेकंदाला दोन फेरे, फेऱ्याला आठ फ्रेम, म्हणजे सोळा. वेग मोजणारे यंत्र म्हणजे कॅमेरामनचे मनगट. मनात गाणे गुणगुणत लय धरणारेही होते म्हणे. पडद्यावर दाखवणाराही हातानेच दांडा फिरवत असल्यामुळे चौदा काय नि अठरा काय, फारसे कोणाचे बिघडत नव्हते.

बिघडत होते ते छिद्रांपायी. एडिसनकडे काम करणाऱ्या विल्यम डिक्सनने ३५ मिमी रुंदीच्या फिल्मला प्रत्येक फ्रेमसाठी दोन्ही कडांना चार-चार छिद्रे ठेवली होती. लुमिएरांनी एक-एकच ठेवले, तेही गोल. त्यात छिद्रे पाडण्याची यंत्रेही सगळी सारखी अचूक नव्हती. छिद्रच जागेवर नसेल तर उत्तमातला उत्तम क्लॉसुद्धा फिल्म चुकीच्या जागी नेऊन ठेवणार. १९०९ मध्ये पॅरिसला भरलेल्या निर्मात्यांच्या परिषदेने एडिसनची चार छिद्रांची ३५ मिमी फिल्म प्रमाण मानली. १९१६ मध्ये अमेरिकेत चित्रपट अभियंत्यांची संस्था निघाली, तीही मुख्यतः अशी मापे ठरवण्यासाठीच. फिल्म कॅमेऱ्याच्या देखभालीचा इतिहास खरे तर इथून सुरू होतो, कारण माप ठरल्याशिवाय 'बिघडला' या शब्दाला अर्थ नसतो.

शिकागोच्या बेल अँड हॉवेल कंपनीने हे सर्वात आधी ओळखले असे मला वाटते. ती छिद्रे पाडण्याची यंत्रे बनवत होती, प्रिंट काढण्याचीही बनवत होती. त्यामुळे कॅमेरा ही साखळीतली एक कडी आहे, हे तिच्या अंगवळणी पडले होते. १९१२ च्या सुमारास आलेला तिचा २७०९ हा कॅमेरा संपूर्ण धातूचा. लाकडी पेटी दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आकसते, आणि तिच्या पोटातली मापे तिच्याबरोबर हलतात. इथे तो प्रश्नच मिटला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यातल्या स्थिर पिना. क्लॉ फिल्म खाली आणतो, मग सगळी फिल्म उचलून दोन न हलणाऱ्या पिनांवर बसवली जाते आणि तेव्हाच शटर उघडते. एक पिन छिद्रात सगळ्या बाजूंनी घट्ट बसते. दुसरी उभ्या दिशेने घट्ट, पण आडवी थोडी सैल, म्हणजे रुंदीतल्या किरकोळ फरकाने फिल्म ताणली किंवा फुगली जात नाही. पुढे मिचेल कंपनीच्या कॅमेऱ्यांनी वेगळी रचना वापरून हीच अचूकता जास्त वेगात आणि कमी आवाजात आणली. इतक्या वर्षांनीही हे कॅमेरे पोलादासारखा स्थिर फ्रेम देतात, पण एका अटीवर: पिनांना कोणी हात लावलेला नसावा. पिनेवर साठलेला फिल्मचा चुरा धातूच्या टोकाने खरवडणाऱ्या माणसापासून कॅमेरा दूर ठेवावा. त्यासाठी मऊ लाकडाची काडी पुरते.

याच संदर्भात एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यापायी बरेच चांगले कॅमेरे उगाच उघडले जातात. ३५ मिमी निगेटिव्हच्या एका छिद्रापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर ४.७४० मिमी असते आणि प्रिंटच्या फिल्मवर ४.७५० मिमी. १६ मिमीतही असाच फरक आहे: ७.६०५ आणि ७.६२०. कारण असे की प्रिंट काढताना दोन्ही फिल्म एका चक्रावर एकीवर एक गुंडाळून जातात. आतली निगेटिव्ह लहान वर्तुळावर असते, म्हणून ती किंचित आखूड लागते. नायट्रेट फिल्मच्या काळात हे कोणाला मुद्दाम करावे लागत नव्हते. धुलाईनंतर फिल्म आपोआप आकसायची आणि छपाईची यंत्रे त्या आकसण्यावर बेतलेली होती. फारशी न आकसणारी फिल्म आली तेव्हा तोच आखूडपणा कारखान्यात मोजून घालावा लागला. एका पदार्थाचा दोष दुसऱ्यात नियम म्हणून उतरला! व्यवहारात याचा अर्थ असा: चाचणीसाठी कपाटातली जुनी प्रिंट कॅमेऱ्यात घातली आणि तो खडखडू लागला, तर आधी फिल्म बदलून पाहावी. चाळीस-पन्नास वर्षांची आकसलेली फिल्म तर घालूच नये. पिना ती स्वीकारत नाहीत, छिद्रे फाटतात आणि तुकडे गेटमध्ये, म्हणजे फिल्मवर प्रकाश पडतो त्या चौकटीत, जाऊन बसतात.

पिना नीट आहेत की नाहीत हे पाहण्याची रीत जुनी आहे, आणि तिच्यापेक्षा साधी रीत अजून कोणाला सुचलेली नाही. काळ्या फलकावर पांढऱ्या रेघांची जाळी काढायची, कॅमेरा तिपाईवर घट्ट करायचा. गेटमधल्या पहिल्या फ्रेमवर खूण करून थोडी फिल्म चित्रित करायची. मग लेन्स झाकून फिल्म त्याच खुणेपर्यंत मागे आणायची, फलक जरासा सरकवायचा आणि त्याच फिल्मवर पुन्हा चित्रण करायचे. पडद्यावर आता रेघांच्या जोड्या दिसतात. दाखवणारे यंत्र स्वतः हलत असेल तर दोन्ही रेघा बरोबरच हलतील. पण जोडीतल्या दोन रेघा एकमेकींच्या तुलनेत श्वास घेतल्यासारख्या जवळ-लांब होऊ लागल्या, तर तो दोष कॅमेऱ्याचा. मोजायचे यंत्रच थरथरत असताना खरे माप काढण्याची ही पद्धत मला कायम चतुर वाटत आली आहे.

ध्वनी आल्यावर मनगटाचा काळ संपला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस सेकंदाला २४ फ्रेम हा वेग पक्का झाला, कारण डोळा वेगातला चढउतार चालवून घेतो, कान घेत नाही. मोठ्या कॅमेऱ्यांना विजेच्या मोटारी लागल्या. हाती धरायच्या चावीच्या कॅमेऱ्यांत, म्हणजे १९२३ चा फिल्मो, १९२५ चा आयमो, १९३५ चा बोलेक्स एच १६ यांत, वेग सांभाळण्याचे काम गव्हर्नरकडे असते. छोटी वजने फिरता फिरता बाहेर फेकली जातात आणि घर्षणाने यंत्राला लगाम घालतात. आता इथले वंगण वाळून राळेसारखे झाले की काय होईल? कॅमेरा चालेलच, आवाजही फार बदलणार नाही, पण २४ वर ठेवलेला काटा खोटे बोलू लागेल.

याची शहानिशा फुकटात होते. वाया गेलेली फिल्म चढवा, गेटमध्ये दिसणाऱ्या फ्रेमवर शाईची खूण करा, घड्याळ लावून बरोबर दहा सेकंद चालवा, पुन्हा खूण करा आणि दोन खुणांमधल्या फ्रेम मोजा. २४० आल्या पाहिजेत. फूटपट्टीने मोजायचे तर १६ मिमीच्या एका फुटात ४० फ्रेम, म्हणजे सहा फूट. हेच चावी संपत आल्यावर शेवटच्या दहा सेकंदांत पुन्हा करा. निरोगी कॅमेऱ्यात फरक थोडका असतो. बटण दाबण्यातली चूक वगळली तरी रोग लपत नाही. हल्ली गेटसमोर फोटोडायोड, म्हणजे प्रकाश टिपणारा छोटा विद्युत-भाग, लावून प्रत्येक फ्रेमची वेळ संगणकावर पाहता येते. त्यातून शटर किती वेळ उघडे राहते तेही कळते. १८० अंशांचे शटर २४ फ्रेमला सेकंदाचा १/४८ भाग उघडे असते, हे नुसते गणित आहे. पण शटर आणि क्लॉ यांचा मेळ एखाद्या दात्याने चुकवून कोणी यंत्र परत जोडलेले असेल, तर फिल्म सरकत असतानाच प्रकाश पडतो आणि दिव्यांना उभ्या शेपट्या फुटतात. ही शेपटी दिसली की लेन्सला दोष देऊ नये.

बिनफिल्मी कॅमेरा गंमत म्हणून ६४ च्या वेगाने पळवणे हा गव्हर्नर मारण्याचा सर्वात जलद उपाय. तेलाबद्दलही तेच: थेंब चुकून जास्त पडला तर तो शटरवर, तिथून फिल्मवर जातो. वंगणावर याहून अधिक लिहिण्यासारखे फार नाही. ज्याच्या कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका मिळेल त्याने तिचे ऐकावे.

तिसरे माप सर्वात घातकी. लेन्स ज्या पृष्ठावर टेकते तिथपासून फिल्मपर्यंतचे अंतर सी-माउंटमध्ये (माउंट म्हणजे लेन्स बसवायची खाच) १७.५२६ मिमी असते, एरीफ्लेक्स कॅमेऱ्यांत ५२ मिमी. हाताने दांडा फिरवण्याच्या काळात एकच लेन्स त्याच कॅमेऱ्यावर कायम बसायची, जुळवून घेतले की झाले. मग तीन-चार लेन्सची फिरती तबकडी आली, लेन्स एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जाऊ लागल्या, आणि हे अंतर प्रत्येक कॅमेऱ्यात सारखे असणे भाग पडले. समजा फिल्म ०.०५ मिमी मागे बसली. हे केसाच्या जाडीहून कमी आहे. ५० मिमीची लेन्स अनंतावर लावली असता ती प्रत्यक्षात सुमारे ५० मीटरवर फोकस करेल. लेन्समधले प्रकाशाचे छिद्र बारीक असेल तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण १० मिमीची लेन्स लावा: आता फोकस दोन मीटरवर! लांबचे डोंगर मऊ, आणि समोरची खुर्ची लखलखीत. लोक म्हणतात लेन्स गेली. लेन्स ठणठणीत असते.

मला हा धडा पैसे मोजून मिळाला. एका दुरुस्तीवाल्याने कॅमेरा अगदी आरशासारखा करून दिला होता, नवे कातडेसुद्धा लावले होते. रुंद लेन्सचे प्रत्येक दृश्य गढूळ आले. उघडून पाहिले तेव्हा माउंटखालच्या पितळी शिमा, म्हणजे कागदासारख्या पातळ चकत्या, बेपत्ता होत्या. साफसफाईत त्या कचऱ्यात गेल्या असणार. कारखान्यात कोणीतरी तो एक कॅमेरा मोजून, त्या एका कॅमेऱ्यापुरत्या त्या चकत्या निवडल्या होत्या.

१९३७ मध्ये एरीफ्लेक्स ३५ ने शटरलाच आरसा केला आणि लेन्समधून दिसेल तेच पाहता येऊ लागले. सोय मोठी, पण मोजायचे अंतर एकाचे दोन झाले: लेन्सपासून फिल्म, आणि लेन्सपासून आरशामार्गे घासलेली काच, जिच्यावर पाहणाऱ्याला दृश्य दिसते. दोन्ही जुळत नसतील तर डोळ्याला सगळे नीट दिसते आणि फिल्मवर मऊ येते. त्यातून डोळ्यावर विश्वास बसलेला असतो, म्हणून चूक शोधायला वेळ लागतो. बोलेक्सने १९५६ मध्ये दुसरी वाट धरली. लेन्सच्या मागे काचेचा प्रिझम ठेवून थोडा प्रकाश पाहणाऱ्याकडे वळवला. काचेतून जाताना किरणांचा मार्ग लांबतो, म्हणून या कॅमेऱ्यांचे अंतर हवेत मोजल्यास २०.७६ मिमी भरते, आणि रुंद लेन्स त्यांच्यासाठी खास बनवलेल्या लागतात. हे न समजता सी-माउंटचे आकडे डोळ्यांसमोर ठेवून बोलेक्स 'दुरुस्त' करणारे आजही भेटतात.

हे अंतर खोली मोजण्याच्या नुसत्या साधनाने गेटपर्यंत मोजता येते, पण फिल्म स्वतः गेटवर काचेसारखी सपाट बसत नाही; मागच्या दाबपट्टीची स्प्रिंग मवाळ झाली असेल तर ती किंचित मागे फुगते. म्हणून मुरलेले तंत्रज्ञ गेटमध्ये खरी फिल्म घालून कॉलिमेटरने पाहतात. या यंत्रातून येणारे समांतर किरण अनंतावरच्या वस्तूसारखे वागतात, त्यामुळे टेबलावर बसूनच क्षितिजाची चाचणी होते. सुपर ८ या घरगुती चित्रणाच्या फिल्मवाल्यांना हा ताप नाही, कारण १९६५ मध्ये आलेल्या तिच्या डबीत दाबपट्टी प्लास्टिकची आणि डबीबरोबरच येणारी. त्यांचे दुखणे बहुधा प्रकाशमापकात असते: तो १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेला, आणि तो सेल आता बाजारातून गेला. दीड व्होल्टचा सेल घातला की काटा हलतो खरा, पण चुकीच्या ठिकाणी थांबतो.

२०११ पर्यंत एरी, पॅनाव्हिजन, आटोन या तिन्ही कंपन्यांनी नवे फिल्म कॅमेरे बनवणे थांबवले होते. फिल्म अजून बनते, कॅमेरेही आहेत. संपत चालली आहेत ती कारखान्यातली ठोकळेवजा मापके, ज्यांच्यावर टेकवून अंतर पडताळायचे. स्थिरतेचा दोष आता स्कॅन केल्यावर संगणकावर बराच झाकता येतो, प्रकाशाची थोडीफार चूकही सावरते. फोकस मात्र परत आणता येत नाही.

जुन्या कॅमेऱ्यांच्या झाकणाच्या आत कधीकधी पिवळी पडलेली चिठ्ठी सापडते: तारीख, दोन-तीन आकडे, कोणाची तरी आद्याक्षरे. मी माझ्या कॅमेऱ्यात तशीच एक लावली आहे. अंतर १७.५२. वेग सुरुवातीला २४.२, शेवटी २३.४. शिमा दोन, काढू नयेत.