फाइलही चांगली, टीव्हीही चांगला, मग व्हिडिओ का चालत नाही?

पेनड्राइव्ह घेऊन दुकानात येणाऱ्यांची तक्रार बहुतेकदा एकच असते. लग्नाचा व्हिडिओ लॅपटॉपवर छान चालतो, पण टीव्हीला लावला की चालतच नाही, किंवा चित्र दिसतं आणि आवाज गायब. अशा वेळी बऱ्याचदा बिघाड कशातच नसतो. प्लेअर आत काय करतो हे कळलं तर तुमची खेप वाचेल, म्हणून हे पत्रक.

डिजिटल आवाज म्हणजे आकडे. सीडीवर आवाजाची पातळी सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून लिहिलेली असते, डाव्या आणि उजव्या स्पीकरसाठी वेगवेगळी. अशा एका मिनिटाला सुमारे १० एमबी जागा लागते. एमपी३ तेच मिनिट १२८ केबीपीएसला (म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट) जेमतेम १ एमबीत बसवतो. मोठ्या आवाजाला लागून आलेला बारीक आवाज आपल्या कानाला कळत नाही. एमपी३ असेच तपशील गाळतो. गाळलेलं परत येत नाही. म्हणून १२८ची फाइल ३२० केली की जागा वाढते, गोडवा नाही. असं काम आम्ही घेत नाही.

व्हिडिओचं ओझं याहून कितीतरी मोठं. फुल एचडीची एक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एक स्थिर चित्र, आहे तशी ठेवली तर ६ एमबी, आणि सेकंदाला अशा २५. म्हणजे दीडशे एमबी एका सेकंदाला! म्हणून अधूनमधून एक पूर्ण फ्रेम ठेवतात आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच लिहितात. व्हिडिओ पुढे ढकलल्यावर चित्र क्षणभर अडकतं ते यामुळेच. प्लेअर आधीची पूर्ण फ्रेम शोधत असतो.

ही आकसण्याची पद्धत म्हणजे कोडेक. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय ही मात्र नुसत्या डब्यांची नावं आहेत. आत चित्र एका कोडेकचं, आवाज दुसऱ्याच कोडेकचा. झाकणावरचं नाव बदलून आतला पदार्थ बदलत नाही, तसं फाइलच्या नावातलं एमकेव्ही खोडून एमपी४ लिहिल्याने काही साधत नाही. जुन्या टीव्हीची चिप २००३ सालचा एच.२६४ उलगडते, पण २०१३ सालचा एच.२६५ तिला ठाऊक नसतो. आवाज डीटीएस नावाच्या कोडेकमध्ये असेल आणि टीव्हीला तो येत नसेल तर चित्र मुकं राहतं. लॅपटॉपवरच्या व्हीएलसी या प्लेअरमध्ये हे सगळे कोडेक आधीच भरलेले असतात, म्हणून तिथे अडत नाही.

गाडीतल्या स्टिरिओची गोष्ट वेगळी. बरेच स्टिरिओ फक्त फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह वाचतात, आणि फॅट३२मध्ये ४ जीबीची एक अख्खी फाइल मावत नाही. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी कॉपी काढा.

येताना टीव्हीच्या मागच्या स्टिकरचा फोटो आणा. मॉडेल नंबरवरून त्याला काय चालतं ते पाहता येतं. नुसता डबा बदलायचा असेल तर काम काही मिनिटांचं आहे आणि चित्राला धक्काही लागत नाही. चित्राचा कोडेक बदलायचा तर सबंध व्हिडिओ नव्याने आकसावा लागतो; वेळ जातो, थोडा दर्जाही जातो. त्यामुळे बदललेली फाइल टीव्हीसाठी वापरा, पण मूळ फाइल कधीच पुसू नका. तुमच्या लग्नाची ती एकच प्रत असते.