किंग्स्टनमधला मृत्यू आणि खेळातील भ्रष्टाचाराच्या गुन्हेमालिका

खेळातला सट्टा आणि शवागारातला पुरावा यांची सांगड घालणाऱ्या दूरचित्रवाणी मालिकांमध्ये एक प्रसंग बहुधा ठरलेला असतो: डॉक्टर अहवाल वाचून दाखवतो आणि त्याच क्षणी तपासाची दिशा पक्की होते. १९९८ साली ‘सीआयडी’ सुरू झाल्यापासून आपल्याकडच्या प्रेक्षकाच्याही हा साचा अंगवळणी पडला आहे. या कथानकाच्या सर्वांत जवळ जाणारे प्रत्यक्षातले प्रकरण मात्र, म्हणजे २००७ सालचा क्रिकेट प्रशिक्षक बॉब वुल्मर यांचा मृत्यू, नेमके उलट्या वाटेने गेले.

त्याची पूर्वपीठिका सात वर्षे मागे जाते. एप्रिल २००० मध्ये दिल्ली पोलिसांनी एका बुकीशी झालेल्या दूरध्वनी संभाषणाच्या आधारे दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोन्ये याच्यावर आरोप ठेवले आणि मॅच-फिक्सिंग हा कुजबुजीचा विषय उरला नाही. पाकिस्तानात न्यायमूर्ती कय्यूम यांच्या अहवालानंतर सलीम मलिकवर, तर भारतात महंमद अझरुद्दीनवर आजीव बंदी आली (अझरुद्दीनवरची बंदी उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बेकायदा ठरवली). याच सुमारास आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने लंडनचे माजी पोलीस आयुक्त पॉल काँडन यांच्याकडे भ्रष्टाचारविरोधी पथक सोपवले. क्रोन्येच्या चौकशीत डिसेंबर १९९६ मधली मुंबईतली एक बैठकही पुढे आली. वानखेडेवरचा सामना हरण्यासाठी आलेला पैशांचा देकार कर्णधाराने तिथे संघापुढे मांडला होता आणि संघाने तो नाकारला होता. त्या संघाचे प्रशिक्षक होते कानपुरात जन्मलेले इंग्रज, बॉब वुल्मर.

पुढे ते पाकिस्तानचे प्रशिक्षक झाले. १७ मार्च २००७ रोजी, ज्या दिवशी पोर्ट ऑफ स्पेनला भारत बांगलादेशकडून हरला त्याच दिवशी, जमैकातल्या किंग्स्टनच्या सबिना पार्कवर पाकिस्तानचा डाव १३२ धावांत आटोपला आणि आयर्लंडने तीन गडी राखून त्यांना विश्वचषकाबाहेर ढकलले. दुसऱ्या दिवशी सकाळी पेगासस हॉटेलच्या बाराव्या मजल्यावर, खोली क्रमांक ३७४ च्या न्हाणीघरात अठ्ठावन्न वर्षांचे वुल्मर निपचित पडलेले सापडले.

चार दिवसांनी जमैकाच्या पोलिसांनी हा गळा दाबून केलेला खून असल्याचे जाहीर केले. आधार होता डॉ. एरे शेषय्या यांच्या शवविच्छेदनाचा, आणि त्यातही गळ्यातल्या एका चिमुकल्या हाडाचा. जिभेच्या मुळाशी घोड्याच्या नालेसारखे दिसणारे हायॉइड हाड असते आणि हाताने गळा आवळलेल्या मृतांमध्ये ते पुष्कळदा मोडलेले आढळते. ते मोडले आहे, असा शेषय्यांचा निष्कर्ष होता. एवढ्यावर पाकिस्तानी खेळाडूंच्या बोटांचे ठसे घेतले गेले आणि सट्टेबाजांच्या टोळ्यांनी वुल्मर यांचे तोंड कायमचे बंद केले, अशा बातम्या जगभर छापून आल्या. माझ्या मते त्या बातम्यांचा पाया हाडापेक्षा २००० सालच्या संशयावरच अधिक होता.

पुढे ब्रिटन, कॅनडा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या न्यायवैद्यक तज्ज्ञांनी पुरावा पुन्हा तपासला. ब्रिटिश तज्ज्ञ नॅथानिएल कॅरी यांच्या मते हाड मोडलेलेच नव्हते. वुल्मर यांना मधुमेह होता आणि हृदयही वाढलेले होते. १२ जून रोजी पोलीस आयुक्त ल्युशियस थॉमस यांनी मृत्यू नैसर्गिक असल्याचे सांगून खुनाचा तपास थांबवला.

प्रकरण तिथे मिटले असते, तर पटकथाकारांना त्यातून फारसे काही मिळाले नसते. पण ऑक्टोबरमध्ये कॉरोनरपुढे (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी), म्हणजे मुंबईतही १९९९ पर्यंत असलेल्या पद्धतीने, ज्यूरीसमोर चौकशी सुरू झाली. शेषय्या आपल्या मतावरून तसूभरही हटले नाहीत. त्यात सायपरमेथ्रिन या कीटकनाशकाची भर पडली. ते शरीरात होते की नमुन्यात नंतर मिसळले, यावर तज्ज्ञांचे एकमत झाले नाही. गळा, विष आणि हृदय असे तीन निष्कर्ष ज्यूरीच्या अकरा सदस्यांपुढे एकाच वेळी उभे राहिले. २८ नोव्हेंबर २००७ रोजी त्यांनी ना खून म्हटले ना नैसर्गिक मृत्यू. पुरावा अपुरा आहे, असे सांगून त्यांनी निकाल खुला ठेवला.