मालिकेवरून अध्यापन ('भारत एक खोज')

टीव्हीवरची नाट्यमालिका आठवी-नववी-दहावीच्या वर्गात दाखवून तिच्यावरून साहित्य आणि समाजशास्त्र एकत्र शिकवायची पद्धत. आपल्याकडे याची सुरुवात कुठून धरायची यावर दोन मतं आहेत. काहीजण दिल्लीतल्या १९६१ च्या शालेय टीव्हीपासून धरतात, काहीजण १९७५-७६ च्या 'साइट' प्रयोगापासून, ज्यात उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत कार्यक्रम पोचले. पण हा मुख्यतः शैक्षणिक कार्यक्रमांचा इतिहास झाला, नाट्यमालिकेचा नाही, त्यामुळे या पद्धतीची सुरुवात १९८० नंतरची मानणं जास्त पटतं.

या कामाला सगळ्यात सोयीची मालिका म्हणजे श्याम बेनेगल यांची 'भारत एक खोज' (दूरदर्शन, १९८८, ५३ भाग). मूळ पुस्तक 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' नेहरूंनी १९४४ मध्ये अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर) किल्ल्यात कैदेत असताना लिहिलं. रोशन सेठ नेहरू झालेत, नसीरुद्दीन शाह शिवाजी महाराज, सदाशिव अमरापूरकर महात्मा फुले. ओम पुरी निवेदकही आहेत आणि दुर्योधन, अलाउद्दीन खिलजी, औरंगजेबही तेच. हे मुलांना लगेच दिसतं, 'सर, हा तर मगाचचाच माणूस', आणि हे प्रत्यक्ष घडलेल्याचं चित्रीकरण नाही तर कुणीतरी रचलेला प्रयोग आहे हे वेगळं समजवायची गरज उरत नाही.

साहित्य आणि इतिहास यांची गाठ सगळ्यात घट्ट पडते ती मालिकेतल्या पद्मावतच्या, म्हणजे खिलजी आणि चितोडची राणी पद्मिनी यांच्या कथेत. चितोड पडलं १३०३ मध्ये, मलिक मुहम्मद जायसी या कवीचं 'पद्मावत' हे अवधी काव्य त्यानंतर दोनशेहून जास्त वर्षांनी. नेमकं कधी, तर हस्तलिखितांत तारखेचे दोन पाठ सापडतात, हिजरी ९२७ (इ.स. १५२०-२१) आणि ९४७ (१५४०-४१). काव्यात शेरशहाला दिल्लीचा सुलतान म्हणून वंदन आहे आणि तो दिल्लीला आला १५४० मध्ये, म्हणून ९४७ हाच पाठ बहुतेक धरला जातो, ९२७ वाले म्हणतात की सुरुवात आधी झाली आणि स्तुती नंतर जोडली. दरबारी कवी अमीर खुसरो चितोडच्या स्वारीत खिलजीबरोबर होता, पण त्याच्या वर्णनात पद्मिनीचं नाव नाही. त्यात सुलेमान आणि हुदहुद पक्ष्याचा उल्लेख येतो (कथेत हा पक्षी सुलेमान राजाला शेबाच्या राणीची बातमी आणतो) आणि काही अभ्यासक त्यात राणीची सूचना वाचतात, पण तो दरबारी अलंकार मानणंच सरळ वाटतं. पंधरा वर्षांच्या मुलाला हे जड जाईल असं वाटतं पण जात नाही, उलट 'मग खरं काय' म्हणून तेच मागे लागतात.

वर्गातली रीत साधी. एक भाग तासाभराच्या आसपासचा आणि तासिका ३५-४० मिनिटांची, म्हणून आठ-दहा मिनिटांचा एकच प्रसंग घ्यायचा, दोनदा दाखवायचा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. वहीत दोन रकाने, 'काय दिसलं' आणि 'हे कशावरून'. संवादांची संस्कृतप्रचुर हिंदी मराठी माध्यमाच्या मुलांना अडते, तिथे थांबून शब्द फळ्यावर लिहावे लागतात. फुल्यांच्या भागाला मात्र 'गुलामगिरी' (१८७३) किंवा 'शेतकऱ्याचा असूड' यातलं एखादं पान मोठ्याने वाचून जोडता येतं, भाषा आपलीच असल्यामुळे दुसरा रकाना तिथे सगळ्यात आधी भरतो.