जुन्या डिझेल गाडीचं अ‍ॅव्हरेज जातं कुठे?

२०१२च्या आसपास घेतलेली डिझेल स्विफ्ट, मांझा किंवा पुंटो आजही तुमच्या दारात उभी असेल, तर तिघींच्या बॉनेटखाली एकच इंजिन आहे: फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट. मारुतीने ते मानेसरला बनवलं. टाटा आणि फियाटसाठी ते पुण्याजवळच्या रांजणगावात बनलं. इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत ते बसलं की गाडीवेडे लोक त्याला भारताचं 'राष्ट्रीय इंजिन' म्हणू लागले. एप्रिल २०२०मध्ये धुराचे कडक बीएस-६ नियम लागू झाले आणि त्याचं इथलं पर्व आटोपलं. रस्त्यावर मात्र ही इंजिनं अजून भरपूर आहेत आणि त्यांच्या मालकांची तक्रार ठरलेली असते: "आधी वीस-बावीस द्यायची, आता सोळाच्या वर जातच नाही."

माझं याबाबतचं मत पक्कं आहे. अशा गाडीला बाहेरून काही जोडून अ‍ॅव्हरेज वाढत नाही. डिझेलमधली ऊर्जा कुठे तरी वाया जात असते, ती जागा शोधावी लागते. इंधनाच्या नळीवर लावायचे चुंबक आणि तत्सम 'फ्युएल सेव्हर' अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने शंभराहून जास्त तपासले. फायदा दाखवणारे अगदी मोजके निघाले, आणि त्यांचा फायदाही किरकोळच.

डिझेल इंजिन मुळात काटकसरी का, हे आधी पाहू. पेट्रोल इंजिनात वेग कमी ठेवायचा तर हवेची वाट अडवावी लागते आणि त्या अडथळ्यातून हवा ओढताना शक्ती वाया जाते. डिझेलमध्ये हवा जवळजवळ मोकळी आत येते. कमी-जास्त होतं ते फक्त इंधन. आलेली हवा सतरा-अठरा पट दाबली की तिचं तापमान ५०० अंश सेल्सियसच्या पुढे जातं आणि त्यात फवारलेलं डिझेल ठिणगीशिवाय पेटतं. रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाची १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्गला चाचणी झाली, तेव्हा त्याने इंधनातली सुमारे २६ टक्के ऊर्जा कामाला लावली. तेव्हाची वाफेची इंजिनं याच्या जवळपासही नव्हती. आजची मोटारींची डिझेल इंजिनं अनुकूल स्थितीत ४० टक्क्यांच्या आसपास पोचतात. हे सगळं उष्णतेवर उभं आहे, म्हणून शोधाची सुरुवातही तिथूनच करावी.

त्याआधी आकडा नीट मोजा. टाकी फुल करा, पंपाचं नोझल आपोआप बंद झालं की थांबा, किलोमीटर टिपा, आणि पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तसंच भरा. एका टाकीवरून निष्कर्ष नको. कंपनीच्या टायरपेक्षा मोठे टायर घातले असतील, तर मीटर खऱ्या अंतरापेक्षा कमी किलोमीटर दाखवतो. अ‍ॅव्हरेज पडलेलं दिसतं, प्रत्यक्षात तितकं पडलेलं नसतं. आणि तुलना जाहिरातीतल्या आकड्याशी करू नका. त्या स्विफ्टचा २२.९चा आकडा एआरएआयच्या, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या, प्रमाणपत्रातला. ती चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते, एसी बंद असतो आणि वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. तुलना करायची ती आपल्याच गाडीच्या जुन्या आकड्याशी.

आता थर्मोस्टॅट. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये हा छोटासा व्हॉल्व असतो. त्याच्या पोटात मेण असतं. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, साधारण ८०-९० अंशांपर्यंत तापला की मेण वितळून फुगतं, दांडा ढकलतं आणि रेडिएटरची वाट उघडते. तोवर पाणी इंजिनातच फिरतं, म्हणून इंजिन लवकर गरम होतं. जुना झाल्यावर हा व्हॉल्व पुष्कळदा उघडाच राहतो. त्याहून वाईट म्हणजे गाडी एकदा प्रमाणाबाहेर गरम झाली की काही मेकॅनिक तो काढूनच टाकतात, "आपल्या हवेत याची गरज नाही" म्हणत. गरज पुरेपूर आहे. बाहेर चाळीस अंश असले तरी इंजिनाला नव्वदच्या आसपास राहायचं असतं. ते सत्तरवर राहिलं तर ज्वलनाची उष्णता सिलिंडरच्या गार भिंतींत जाते, ऑइल घट्ट राहतं, घर्षण वाढतं आणि 'इंजिन अजून गार आहे' असं समजून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्याच हिशेबाने डिझेल सोडत राहतो. ओळखायचं कसं? हायवेवर अर्धा तास चालवूनही तापमानाचा काटा नेहमीच्या जागेखाली असेल, किंवा घाट उतरताना तो झरझर खाली येत असेल, तर संशय घ्या. गाडीतल्या ओबीडी सॉकेटला (इंजिनाची माहिती वाचायच्या खाचेला) लावायचं छोटं रीडर असेल, तर मोबाइलवर थेट अंश दिसतात. सोळा देणाऱ्या गाडीत मी आधी हेच तपासेन, कारण डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या खर्चापुढे थर्मोस्टॅटचा खर्च किरकोळ आहे.

दुसरा चोर चाकांत बसलेला असतो. डिस्क ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा चिमटा, ज्या पिनांवर सरकतो, त्या गंजून जाम झाल्या की पॅड सुटत नाही आणि ब्रेक धरूनच गाडी चालते. फारसा ब्रेक न लावता दहा-पंधरा किलोमीटर चालवा, थांबून चारही रिमांजवळ हात न्या. हात टेकवू नका, भाजेल. एकच चाक जास्त धगधगत असेल, तर तिथे डिझेलची उष्णता होते आहे. पिना काढून, साफ करून ब्रेकचं ग्रीस लावलं की काम होतं. टायरातल्या हवेचा परिणाम लोक समजतात तितका मोठा नाही: अमेरिकी ऊर्जा खात्याच्या हिशेबाने चारही टायरांत एक पीएसआय कमी झाला तर साधारण ०.२ टक्के. तरी हवा तपासा, टायरसाठी आणि ब्रेकसाठी.

काळा धूर म्हणजे पूर्ण न जळलेलं डिझेल. इथे लगेच इंजेक्टर बदलायला धावू नका. हवा दाबून इंजिनात ढकलणाऱ्या टर्बोपासून ती हवा गार करणाऱ्या इंटरकूलरपर्यंतचे रबरी पाइप पाहा. चिरेजवळ ऑइलचा ओलसर काळा डाग असतो आणि चढावर फुसफुस आवाज येतो. टर्बोने दाबलेली हवा तिथून निसटते. पाइप धड असतील, तर इंजेक्टरची रिटर्न चाचणी करून घ्या: प्रत्येकाच्या परतीच्या नळीला बाटली जोडतात आणि इंजिन चालू ठेवतात. एक बाटली बाकीच्यांपेक्षा झपाट्याने भरली, तर दोषी तोच. चारही बदलायची गरज क्वचितच पडते. जुन्या इंडिकासारख्या गाडीत इंजेक्टरचं टोक, म्हणजे नोझल, टेस्टरवर लावलं की फवारा डोळ्यांनी दिसतो: चांगला नोझल धुकं सोडतो, खराब झालेला धार मारतो नाहीतर थेंब गाळतो.

उरला चालवणारा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८०च्या जागी १०० केले, तर तो दीडपटीहून जास्त होतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर मोटारींना १०० पर्यंत मुभा आहे, पण सपाटीवर ८०-८५ धरले तर वेळेत थोडाच फरक पडतो, डिझेलमध्ये मात्र चांगलाच. छतावरचं रिकामं कॅरियर काढून ठेवा.

आणि खंबाटकी किंवा बोरघाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नका. गियरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की चाकंच इंजिन फिरवतात आणि ईसीयू इंजेक्शन पूर्ण थांबवतो. जुन्या गाड्यांतल्या डिझेल पंपाचा गव्हर्नर, म्हणजे इंधन कमी-जास्त करणारा भाग, तोही तेच करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळत राहतं, आणि उतारावर इंजिनाचा ब्रेक मिळत नाही तो वेगळाच. चावी फिरवून इंजिनच बंद केलं, तर ब्रेकला व्हॅक्यूम पुरवणारा पंपही थांबतो. साठलेला व्हॅक्यूम दोन-तीनदा पॅडल दाबेपर्यंत पुरतो. त्यानंतर तीच गाडी थांबवायला पायाचा सगळा जोर लावावा लागतो.