‘हिप्पी’ हा शब्द पेडण्यापर्यंत कसा आला

माझ्या आतेभावाने जटा वाढवल्या आणि गोव्यातल्या आमच्या गावात त्याचं नाव ‘हिप्पी’ पडलं. त्याला ट्रान्स, म्हणजे रात्रभर नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत, मनापासून आवडतं, तो स्वतःला त्या गोतावळ्यातला मानतो. पण नाक्यावर अडवलं की आधी त्याची पिशवी उपडी होते. निघतात ते हेडफोन आणि जेवणाचा डबा. हा संशय त्याच्या जन्माआधीचा आहे.

१९६१ साली गोवा मुक्त झाला. साठचं दशक सरता सरता युरोप-अमेरिकेतली ‘हिप्पी’ मुलं इस्तंबूल, काबूल असा खुश्कीचा प्रवास करत इथे पोचू लागली. व्हिएतनामचं युद्ध आणि आखून दिलेलं आयुष्य त्यांना नको होतं. लोकांना दिसले ते लांब केस, उघडी अंगं आणि चिलीम. चरसावर देशभर बंदी घालणारा कायदा १९८५चा. लोकांच्या मनातलं चित्र त्याआधीच पक्कं झालं होतं.

त्या चित्रात ही मुलं जिथे राहिली ते किनाऱ्यावरचं हणजूण (अंजुना) गाव कुठेच नाही, याचं मला वाईट वाटतं. खोल्या गावानेच दिल्या. बुधवारचा बाजार सुरू झाला तो मुक्काम वाढवायला आपलीच जीन्स, कॅमेरा विकणाऱ्यांमुळे. आणि पार्टीच्या रात्री गावच्या बायका वाळूवर चटया अंथरायच्या. रॉकेलचा दिवा, स्टोव्हवर चहा, ऑम्लेट. नाचून दमलेला माणूस पहाटे त्या चटईवरच आडवा व्हायचा. या बायकांना कुणी हिप्पी म्हटलं नाही, पण त्या नसत्या तर ती रात्र निभली नसती.

ऐंशीच्या दशकात गिटार मागे पडली, इलेक्ट्रॉनिक संगीत आलं. इथल्या उन्हात तबकड्या वाकायच्या म्हणून कॅलिफोर्नियाहून आलेल्या ‘गोवा गिल’सारखे डीजे कॅसेटवर, पुढे डॅट या डिजिटल टेपवर वाजवत. नव्वदीत ‘गोवा ट्रान्स’ हे नाव जगभर गेलं. झगझगीत रंग, टी-शर्टवर ॐ आणि शंकर, जटा: ही खूण या संगीताच्या चाहत्यांनी स्वतःच ठरवली आणि ओळखणाऱ्यांचं काम सोपं केलं.

२००५ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकांवर कडक निर्बंध आणले. पर्यटन तोवर उत्तरेला मोरजी, हरमलकडे, म्हणजे आमच्या पेडणे तालुक्यात सरकत होतंच. मागोमाग हा शब्दही आला. रात्रभर जागणं मात्र आम्हाला नवं नाही. जत्रेतला दशावतार पहाटेच संपतो.

यंदा जत्रेत आतेभाऊ मृदंगाजवळ बसला होता. मागून कुणीतरी विचारलं, ‘‘हिप्पीला दशावतार कळतो?’’ त्याच मांडावर आमचे आजोबा दशावतारातला संकासुर राक्षस करायचे.