बेसबॉलच्या स्टेडियममधली पावले

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ असून मुख्य हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. २०२३ च्या हंगामात या सामन्यांना सात कोटींहून अधिक प्रेक्षकांची हजेरी लागली. खेळाडूंची धाव, चेंडूचा वेग, त्याची फिरकी, बॅटवरून सुटतानाचा कोन अशा प्रत्येक गोष्टीचे बारकाईने मोजमाप करणाऱ्या या खेळात प्रेक्षकांच्या शरीराकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. तरीही न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत सामना पाहून घरी परतलेली असंख्य माणसे, आणि त्यांत तिकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही आली, झोपण्यापूर्वी घड्याळात दिवसभराच्या पावलांचा आकडा पाहतात. अनेकदा तो कचेरीतल्या दिवसाच्या आकड्यापेक्षा मोठा निघतो. अडीच-तीन तास खुर्चीत बसून काढल्यावरही तो मोठा का यावा, त्यातला किती भाग खरा मानावा आणि शरीराच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत.

आधी मोजणीकडे पाहू. घड्याळाला पाऊल दिसत नाही. त्याला कळते ते फक्त त्वरण. त्याच्या आत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लांबीरुंदीचा, सिलिकॉनमध्ये कोरलेला त्वरणमापक असतो आणि त्यात अतिसूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेले एक वस्तुमान असते. हात हलला की जडत्वामुळे ते वस्तुमान किंचित मागे राहते, त्याच्या आणि शेजारच्या स्थिर पट्ट्यांमधील अंतर बदलते, आणि त्या अंतराबरोबर बदलणारी विद्युत धारकता मोजून त्वरण काढले जाते. हे मोजमाप एकमेकींना लंब असलेल्या तीन दिशांमध्ये, दर सेकंदाला अनेक वेळा चालू असते. माणूस नेहमीच्या चालीने मिनिटाला सुमारे १०० ते १२० पावले टाकतो, म्हणजे सेकंदाला दोनच्या आसपास. त्यामुळे घड्याळातील सॉफ्टवेअर गुरुत्वाकर्षणाचा स्थिर भाग वजा करते, फार मंद आणि फार जलद कंपने गाळून टाकते आणि उरलेल्या लहरीत ठरावीक अंतराने येणारी शिखरे मोजते. एखादा सुटा धक्का पाऊल समजला जाऊ नये म्हणून बहुतेक उपकरणे काही शिखरे एकाच लयीत सलग आल्याशिवाय मोजणी सुरूच करत नाहीत.

रस्त्याने चालताना ही युक्ती उत्तम काम करते. बेसबॉलच्या स्टेडियममध्ये मात्र ती नेमकी अडचणीत येते, कारण तिथे लयबद्ध हालचाल पायांपेक्षा हातांची अधिक असते. सामना रंगात आला की ऑर्गनच्या ठेक्यावर हजारो प्रेक्षक एका लयीत टाळ्या वाजवू लागतात. अशा टाळ्यांची गती सेकंदाला दोनच्या आगेमागे असू शकते, ती लय बराच वेळ टिकते, आणि प्रत्येक टाळीचा धक्का थेट मनगटाला बसतो. सुट्या धक्क्यांना गाळण्यासाठी ठेवलेली अट इथे आपोआप पूर्ण होते. अलीकडची उपकरणे हाताच्या हालचालीची दिशा आणि आकार तपासून टाळी व पाऊल यांत फरक करण्याचा प्रयत्न करतात आणि त्यात त्यांना बऱ्यापैकी यशही येते. पण खुर्चीत बसलेल्या माणसाच्या आकड्यात काही पावले भरण्याची शक्यता उरतेच.

उलट दिशेची चूक याहून कमी चर्चिली जाते, आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे. सामना संपल्यावर तीस-चाळीस हजार माणसे एकाच वेळी बाहेर पडतात. स्विस अभियंता उलरिख वायडमान यांनी १९९० च्या दशकात मांडलेल्या आणि आजही गर्दीच्या अभ्यासात वापरल्या जाणाऱ्या सूत्रानुसार मोकळ्या जागेत माणूस सेकंदाला सुमारे १.३४ मीटर चालतो, पण दर चौरस मीटरला दोन माणसे झाली की हा वेग सुमारे ०.६ मीटरवर येतो. ताशी सव्वादोन किलोमीटरच्या आतली ही चाल म्हणजे जवळजवळ पाय घासत पुढे सरकणे असते. टाच जोराने टेकत नाही, हात झुलत नाहीत, पावले आखूड पडतात आणि मध्येच थांबतात. ताशी तीन किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या चालीत पावले निसटणे हा पाऊलमापकांचा जुना आणि चांगला अभ्यासलेला दोष आहे. फाटकावरच्या तपासणीची रांग, खाद्यपदार्थांच्या काउंटरपुढची रांग, शेजाऱ्यांच्या गुडघ्यांवरून आडवे सरकत आपल्या खुर्चीपर्यंत जाणे, या सगळ्यांत पाय खरोखर हलतात आणि आकडा मागे राहतो. हातात खाण्याचा ट्रे धरून चालताना तर मनगट जवळजवळ स्थिर असते. ज्यांची मोजणी फोनवर चालते, त्यांचा फोन बॅगेत ठेवून खुर्चीखाली सरकवला की मधली सारी ये-जा नोंदीबाहेर राहते.

तरीही आकडा मोठा का येतो, याचे उत्तर सामन्यात नव्हे, तर स्टेडियमच्या रचनेत आणि शहरात आहे. प्रौढ माणसाच्या एका पावलाची लांबी ढोबळमानाने ७० ते ७५ सेंटिमीटर धरली, तर एका किलोमीटरला १,३०० ते १,४०० पावले होतात. शिकागोचे रिग्ली फील्ड १९१४ मध्ये आणि बोस्टनचे फेनवे पार्क १९१२ मध्ये उघडले; दोन्ही दाट वस्तीत उभी आहेत आणि रेल्वेचे स्थानक काही मिनिटांच्या चालीवर आहे. तिथे जाणारा प्रेक्षक घरापासून स्थानकापर्यंत, स्थानकाच्या जिन्यांवरून आणि मग गल्ल्यांतून चालतोच. याच्या उलट उदाहरण १९६२ मध्ये उघडलेल्या लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमचे. ५६,००० आसनांचे हे स्टेडियम टेकडीच्या उतारात बसवलेले आहे आणि त्याभोवतीचे वाहनतळ पायऱ्यापायऱ्यांनी असे रचले आहेत, की प्रेक्षकाने आपल्या आसनाच्या पातळीवरच गाडी लावावी आणि फारसे न चढता आत शिरावे. मोटारीला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या काळातली ही अत्यंत विचारपूर्वक केलेली रचना होती, आणि तिने प्रेक्षकाची पावले वाचवली. त्याच स्टेडियममध्ये युनियन स्टेशनपासून पायी जाणारा माणूस दोन किलोमीटरहून अधिक अंतर चढणीवरून चालतो, म्हणजे एका दिशेलाच तीन हजारांच्या आसपास पावले टाकतो. दोघांनी एकच सामना, कदाचित शेजारच्या खुर्च्यांवर बसून पाहिलेला असतो. पण त्यांच्या दिवसांत सहा हजार पावलांचे अंतर पडू शकते.

मजल्यांचा हिशेब आणखी वेगळा आहे. अनेक घड्याळांत हवेचा दाब मोजणारा संवेदक असतो. समुद्रसपाटीजवळ एक मीटर वर गेले की दाब सुमारे १२ पास्कलने घटतो. सुमारे तीन मीटरची चढण चालत पार झाली की घड्याळ एक मजला धरते. यात जिना आणि रॅम्प, म्हणजे पायऱ्यांशिवायचा तिरपा मार्ग, असा भेद नसल्याने जुन्या स्टेडियममधले लांबलचक रॅम्प चढतानाही मजले मोजले जातात. डेन्व्हरच्या कूर्स फील्डमध्ये वरच्या सज्जातील विसावी रांग जांभळ्या रंगाची आहे, कारण ती समुद्रसपाटीपासून बरोबर एक मैल, म्हणजे सुमारे १,६०९ मीटर उंचीवर आहे. त्या रांगेपर्यंत पायी चढणाऱ्याला सारखीच पावले सपाटीवर टाकण्यापेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा लागते, आणि तिथल्या विरळ हवेत दम लवकर लागतो. पावलांचा आकडा यांतले काहीच सांगत नाही.

आता शरीराच्या प्रश्नाकडे येऊ. दहा हजार पावलांचे लक्ष्य मूळचे जपानचे आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, तिथल्या एका घड्याळ कंपनीने कमरेला लावायचा पाऊलमापक बाजारात आणला आणि तो याच आकड्याच्या नावाने विकला. तो आकडा वैद्यकीय प्रयोगांतून ठरलेला नव्हता. २०१९ मध्ये आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ अमेरिकी स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या गटाच्या तुलनेत ४,४०० पावले चालणाऱ्या गटातील मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले आणि ७,५०० च्या पुढे फारसा अधिक फायदा दिसला नाही. २०२२ मध्ये १५ अभ्यासांतील ४७,४७१ प्रौढांची माहिती एकत्र केली गेली, तेव्हा साठीच्या पुढच्या लोकांत हा फायदा ६,००० ते ८,००० पावलांच्या दरम्यान आणि त्याहून तरुण लोकांत ८,००० ते १०,००० च्या दरम्यान स्थिरावताना दिसला. अर्थात हे आकडे माणसाच्या नेहमीच्या सवयीचे आहेत. सामन्याच्या एका दिवशी गाठलेले बारा हजार उरलेल्या आठवड्याची उणीव भरून काढतात, असे त्यांतून सिद्ध होत नाही.

सामन्याच्या दिवसाचा खरा प्रश्न पावलांच्या बेरजेचा नसून बसण्याच्या सलगतेचा आहे, आणि इथे बेसबॉलची घडण आश्चर्यकारक रीतीने उपयोगी पडते. सामन्यात नऊ इनिंग असतात आणि प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा, तीन गडी बाद होईपर्यंत फलंदाजी करतात. म्हणजे अठरा अर्ध्या इनिंग आणि त्यांच्या मध्ये सतरा विश्रांती. शेवटची अर्धी इनिंग खेळावी लागली नाही तर सोळा. ज्या टी-ट्वेंटी सामन्याची आपल्याला सवय आहे, त्यात मोठी विश्रांती एकच असते. २०२३ मध्ये गोलंदाजाला चेंडू टाकण्यासाठी घड्याळाची मर्यादा आली आणि नऊ इनिंगच्या सामन्याची सरासरी लांबी सुमारे ३ तास ४ मिनिटांवरून २ तास ४० मिनिटांवर उतरली. दोन अर्ध्या इनिंगमधील विश्रांती २ मिनिटे १५ सेकंदांची ठेवण्यात आली. या हिशेबाने दर नऊ मिनिटांनी एक विश्रांती येते आणि एक पूर्ण इनिंग साधारण अठरा मिनिटांत संपते.

हे आकडे एका प्रयोगाशेजारी ठेवून पाहावेत. ऑस्ट्रेलियातील डेव्हिड डन्स्टन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये जास्त वजनाच्या १९ मध्यमवयीन व्यक्तींना गोड पेय देऊन पाच तास बसवले. एकदा सलग, आणि इतर वेळी दर वीस मिनिटांनी दोन मिनिटे चालायला लावून. चालण्याने जेवणोत्तर रक्तशर्करेची वाढ सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाली, आणि ताशी ३.२ किलोमीटरची सावकाश चालही त्यासाठी पुरेशी ठरली. याचे कारण स्नायूंच्या कार्यात आहे. मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावू लागले की ते रक्तातील ग्लुकोज इन्सुलिनवर फारसे अवलंबून न राहता आत घेऊ लागतात. बसून राहिल्यावर हा मार्ग जवळजवळ बंद असतो. २०२३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात कीथ डियाझ यांच्या गटाने केलेल्या लहानशा प्रयोगात दर अर्ध्या तासाला पाच मिनिटे चालणे सर्वांत परिणामकारक दिसले. दोन्ही प्रयोगांतील माणसे थोडी होती आणि प्रयोग एकेका दिवसाचे होते, हे ध्यानात ठेवायला हवे. पण स्टेडियममधला प्रेक्षक हॉट डॉग, शेंगदाणे आणि साखरेचे पेय घेऊन बसलेला असतो. प्रयोगशाळेतल्या माणसाशी त्याची स्थिती फार मिळतीजुळती आहे. प्रत्येक इनिंग संपल्यावर उठून मागच्या मार्गावर दोन मिनिटे चालणे म्हणजे जवळजवळ तोच प्रयोग स्वतःवर करणे होय. अशा प्रत्येक फेरीत दोनशेच्या आसपास पावले पडतात, म्हणजे आठ फेऱ्यांत सोळाशे. आकडा लहान आहे. त्याची वाटणी मोलाची आहे.

व्यवहारात त्याला मर्यादा आहेत. रांगेच्या मध्यभागी बसलेल्याने दर अठरा मिनिटांनी सगळ्यांना उठवणे शिष्टाचाराला धरून नाही, आणि अनेक स्टेडियममध्ये फलंदाज खेळत असताना कर्मचारी परतणाऱ्यांना जिन्याच्या तोंडाशी थांबवतात. म्हणून ज्यांना मधुमेह आहे किंवा पायांवर सूज येते, त्यांनी तिकीट काढतानाच रांगेच्या टोकाची खुर्ची घ्यावी, असे मी आवर्जून सांगेन. उठून नुसते उभे राहण्याचा लाभ मर्यादित आहे: बसण्याच्या तुलनेत उभे राहताना मिनिटाला सरासरी ०.१५ किलोकॅलरी एवढीच जास्त ऊर्जा खर्च होते. सातव्या इनिंगच्या मध्यावर सारे स्टेडियम उभे राहून गाते, तो क्षण आनंदाचा असतो, पण तो एकदाच येतो. जपानमध्ये चित्र निराळे आहे. कोशिएनसारख्या, १९२४ पासूनच्या स्टेडियममध्ये बाहेरच्या सज्जातील समर्थक आपला संघ फलंदाजी करत असेपर्यंत उभे राहून, ढोल आणि प्लॅस्टिकच्या छोट्या बॅटी वाजवत प्रत्येक खेळाडूचे गीत गातात आणि क्षेत्ररक्षण सुरू झाले की बसतात. निम्मा सामना उभ्याने जातो, पाय आलटून पालटून भार घेतात, तरी खरी पावले जवळजवळ शून्य असतात. हातांच्या ठेक्यामुळे घड्याळात मात्र ती वाढलेली दिसू शकतात.

नोंद ठेवायची असेल तर दिवसाच्या एका आकड्याऐवजी तासागणिक आलेख पाहावा आणि मैदानात शिरल्याची व बाहेर पडल्याची वेळ त्यावर लावावी. शिरण्यापूर्वीची, बाहेर पडल्यानंतरची आणि मधली पावले वेगळी झाली की रचनेने दिलेले चालणे आणि आपण ठरवून केलेले चालणे यांत फरक करता येतो. घड्याळ ज्या हाताने कमी काम करतो त्या हातावर असावे, आणि सामन्याच्या आधी मोकळ्या रस्त्यावर शंभर पावले मनात मोजून ती घड्याळाशी ताडून पाहावीत. मग एखादी अर्धी इनिंग जागेवरून न उठता, नेहमीसारख्या टाळ्या वाजवत पाहावी आणि तिच्या सुरुवातीचा व शेवटचा आकडा टिपावा. या दोहोंत जो फरक येईल, तितकी पावले त्या काळात टाळ्यांनी वाढवली. दोन-तीन सामन्यांत अशी नोंद झाली की आपल्या घड्याळाची ही चूक साधारण किती असते याचा अंदाज बांधता येतो आणि ती मधल्या तासांच्या आकड्यातून वजा करता येते.